मामाच्या स्टुडिओतला डबल रोल

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका बोळात माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ होता. दर्शनी काचेत एकच मोठा फोटो: मामा मामालाच चहा देतोय. डावीकडचा मामा लेंगा-झब्ब्यात, कपबशी पुढं करून उभा. उजवीकडचा सूटबुटात, खुर्चीवर पायावर पाय टाकून. पासपोर्ट फोटोसाठी गावाकडून आलेली माणसं आधी त्या काचेपाशी रेंगाळायची, मग आत येऊन विचारायची, "भाऊ कुठं असतो तुमचा हल्ली?" मामा मान न उचलता सांगायचा, "मुंबईला."

मी दहा वर्षांचा असताना त्यानं ती करामत मला दाखवली. ३५ एमएम फिल्मच्या डबीचं काळं टोपण, ब्लेडनं मधोमध कापलेलं. बस, एवढंच भांडवल. कॅमेरा याशिकाचा, दोन लेन्सचा, वरून वाकून बघायचा. त्या मॉडेलात फिल्म पुढं सरकवायची मूठ वेगळी आणि शटर (प्रकाश आत सोडणारी झडप) भरायची कळ वेगळी, म्हणजे एकाच फिल्मवर दोनदा फोटो काढायला कुणाची आडकाठी नाही. टोपणानं लेन्सची उजवी बाजू झाकायची, लेंगा घालून डावीकडं उभं राहायचं, एक फोटो. फिल्म सरकवायची नाही. टोपण फिरवून डावी बाजू झाकायची, सूट घालून उजवीकडं बसायचं, दुसरा फोटो. अट एकच, मधल्या वेळात स्टँडला कुणी धक्का लावायचा नाही. टोपण जरा जास्त कापलं गेलं तर मधोमध दोन्ही वेळचा प्रकाश पडून पांढरट पट्टा यायचा, कमी कापलं तर काळा. तीन टोपणं वाया गेली तेव्हा चौथं बसलं, असं तो सांगायचा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आठवी ते बारावीच्या पोरांना ट्रिक फोटोग्राफी शिकवतो. पोरांच्या खिशातला मोबाईल मामाच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी हुशार असतो. पहिला प्रश्नही ठरलेला: "सर, कुठलं ॲप?" ॲप सांगतो, पण शेवटी. आधी एक कागद देतो आणि त्यावर लिहायला लावतो, कॅमेऱ्याला काय काय कळत नाही.

कारण कॅमेरा म्हणजे आवक रजिस्टरवर बसलेला कारकून. आलेला प्रकाश नोंदवायचा, विषय संपला. तो जवळून आला की लांबून, आधी आला की मागाहून, एका माणसाकडून आला की दोघांकडून, ही चौकशी त्याच्या कामात बसत नाही. ट्रिक फोटोग्राफी पूर्ण या न झालेल्या चौकशीवर चालते.

अजिंक्यताऱ्याचा टॉवर चिमटीत

सगळ्यात आधी अंतर. आपल्याला डोळे दोन, त्यांच्यामध्ये सहा-साडेसहा सेंटीमीटरची फट. दोन्हींना थोडं वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू जवळचं-लांबचं ठरवतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला बसा, म्हणजे कळेल. कॅमेरा जन्मभर एकच डोळा उघडा ठेवून बसलेला असतो. त्याच्या लेखी वस्तू केवढी दिसणार याचं गणित एका ओळीचं आहे: उंची भागिले अंतर.

आता दीड मीटर उंचीचा एक पोरगा २० मीटरवर उभा करा. दुसऱ्याला २ मीटरवर तळहात पसरून बसवा. १५० भागिले २० म्हणजे साडेसात. १५ भागिले २ म्हणजेही साडेसात. याचा अर्थ लांबचा पोरगा फोटोत बरोबर १५ सेंटीमीटरच्या बाहुलीएवढा होतो, आणि तळहातावर उभा राहायला तेवढी उंची झकास. मोबाईल जमिनीलगत धरायचा, म्हणजे मधली अठरा मीटर जमीन चपटी होऊन एका रेघेएवढी उरते आणि ती रेघ तळहाताच्या कडेमागं दडवता येते. उभ्या पोराचे तळपाय त्या कडेला टेकलेले दिसले पाहिजेत. एका बोटाएवढी फट राहिली की पोरगा हवेत, आणि सगळं मुसळ केरात.

या कामात अर्धा वेळ आरडाओरड्यात जातो. "डावीकडं सरक!" "सरकलो की!" "आरं तुझ्या न्हवं, माझ्या डावीकडं!" मी आता एकाला मधे उभा करतो आणि हातवारे करायचं काम त्याला देतो.

दुसरी अडचण फोकसची. दोन मीटरवरचा हात आणि २० मीटरवरचा पोरगा दोन्ही स्पष्ट दिसले नाहीत तर भ्रम तिथंच मोडतो. इथं मोबाईल मोठ्या कॅमेऱ्याला भारी पडतो. त्याचा सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चकती) नखाएवढा, लेन्सची फोकल लांबी पाच-सहा मिलीमीटर, त्यामुळे बरंच जवळचं आणि बरंच लांबचं एकाच वेळी स्पष्ट राहतं. मोठा कॅमेरा असेल तर लेन्स १८ मिलीमीटरवर आणा, ॲपर्चर (प्रकाश आत यायचं भोक; आकडा मोठा तेवढं भोक लहान) एफ ८ किंवा ११ ठेवा. आणि फोकस हातावरही नको, पोरावरही नको. साधारण साडेतीन-चार मीटरवर एक दप्तर ठेवा, त्यावर फोकस करा, मग दप्तर उचला. पोर्ट्रेट मोड मात्र कटाक्षानं बंद, कारण तो आपणहून मागचं धूसर करून ठेवतो.

पोरांची सगळ्यात लाडकी ट्रिक म्हणजे अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर चिमटीत धरणं. शहरातून कुठूनही जमते, दोन मिनिटांत होते, म्हणून सुरुवातीला ठीक. पण एक विनंती. फुलांच्या हंगामात कासला जाऊन हे खेळ करू नका. "अजून मागं, अजून मागं" म्हणत सरकताना पायाखाली किती फुलं जातात ते मी पाहिलंय. शाळेचं मैदान पुरतं.

या एकडोळेपणाच्या जोरावर दोन मुलींनी अख्ख्या इंग्लंडला फसवलं होतं. १९१७ साली कॉटिंग्ली गावात सोळा वर्षांची एल्सी राइट आणि नऊ वर्षांची फ्रान्सिस ग्रिफिथ्स या मावसबहिणींनी ओढ्याकाठी नाचणाऱ्या पऱ्यांचे फोटो काढले. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल यानं त्यावर विश्वास ठेवला आणि १९२० मध्ये मासिकात लेखही लिहिला. तज्ज्ञांनी काचेच्या निगेटिव्ह तपासल्या तर त्यात खाडाखोड सापडेना. सापडणार कशी? खाडाखोड नव्हतीच. पुस्तकातल्या चित्रावरून काढून कापलेल्या कागदी पऱ्या टोपीच्या पिनांनी गवतात टोचून ठेवल्या होत्या. निगेटिव्ह शंभर टक्के खरी, परी तेवढी कागदाची. बहिणींनी हे कबूल केलं १९८३ मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर. एडिटिंगशिवाय ट्रिक होत नाही असं वाटणाऱ्या पोराला मी ही गोष्ट सांगतो आणि हातात कात्री देतो.

काळं म्हणजे रिकामं

आता मामाच्या टोपणाकडे परत येऊ, कारण दुसरी गोष्ट त्यात दडली आहे. फिल्म प्रकाशाची बेरीज करत जाते. जिथं प्रकाश पडला तिथली जागा खर्च झाली, जिथं काळोख होता तिथली अजून कोरी आहे. टोपणामागं झाकलेली अर्धी फिल्म कोरीच होती, म्हणून तिथं दुसरा मामा बसू शकला. रंगाऱ्याच्या दृष्टीनं काळा हा एक रंग आहे. फोटोवाल्याच्या दृष्टीनं काळं म्हणजे रिकामी खुर्ची.

बेरीज होते हे कळलं की वेळेचा खेळ कळतो. १८३८ मध्ये, फोटोग्राफी नुकती जन्माला येत असताना, तिच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेर यानं पॅरिसमधल्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो काढला. रस्त्यावर माणसं होती, घोडागाड्या होत्या. फोटोत रस्ता ओस. प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची, चालती माणसं एकेका जागी क्षणभरच असायची, त्यांचा प्रकाश बेरजेत हिशेबालासुद्धा येत नव्हता. एकच माणूस ठळक दिसतो, तो बुटाला पॉलिश करून घेत एका जागी उभा होता म्हणून. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरची गर्दीही अशी पुसता येते. फक्त भर दिवसा शटर मिनिटभर उघडं ठेवायचं तर लेन्सवर काळी एनडी फिल्टरची काच लागते, नाहीतर फोटो पांढराफटक.

पॅरिसच्या त्या रस्त्याचं थोडं उलटं केलं की भूत तयार. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा स्टँडवर, शटर २० सेकंद. माणूस खुर्चीत दहा सेकंद बसतो आणि अलगद उठून जातो. पहिल्या दहा सेकंदांत माणसाचा प्रकाश नोंदला गेला, उरलेल्या दहांत त्याच्या मागच्या भिंतीचा. बेरजेत माणसातून भिंत दिसते. पाच सेकंद बसला तर भूत जास्त विरळ, पंधरा बसला तर दाट. इतकं साधं. तरी १८६० च्या दशकात अमेरिकेत विल्यम ममलर नावाचा फोटोग्राफर अशा फोटोंवर पैसे कमावत होता. यादवी युद्धात माणसं गेलेली, घराघरांत दुःख, आणि हा गिऱ्हाइकाच्या खांद्यामागं मेलेल्या नातलगाची धूसर आकृती उमटवून द्यायचा. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर खटला चालला. सर्कसवाला बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला आला, येताना दुसऱ्या एका फोटोग्राफरकडून मुद्दाम बनवून घेतलेला स्वतःचा फोटो घेऊन आला, त्यात मागं अब्राहम लिंकनचं भूत! तरी पुराव्याअभावी ममलर सुटला. पुढं लिंकनच्या विधवा पत्नीनंही त्याच्याकडून फोटो काढून घेतला. मला ममलरचा राग येतो, पण तंत्र वर्गात दाखवायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

मोबाईलच्या नाइट मोडमध्ये हे जमत नाही, हे लक्षात ठेवा. नाइट मोड एकामागून एक बरेच फोटो काढून त्यांची जुळणी करतो आणि हलणारं काही दिसलं की ते पुसायला बघतो. भूत दिसलं की तो ते झाडून काढणार. म्हणून प्रो मोड उघडायचा आणि शटरची वेळ स्वतः ठरवायची.

पॅनोरमा हीसुद्धा वेळेचीच ट्रिक आहे. तो एक क्षण नसतो, डावीकडची कड आत्ताची आणि उजवीकडची दहा सेकंदांनंतरची. वर्गाचा पॅनोरमा काढताना डाव्या टोकाचा पोरगा, मोबाईल पुढं गेला की फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून पळत जाऊन उजव्या टोकाला उभा राहिला, तर तो दोनदा येतो. पुढून पळाला तर मधे त्याचा अर्धा कान आणि तीन पाय येतात. तोही फोटो मी ठेवून देतो.

आणि वेळ दाबून लहानही करता येतो. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ कॅमेऱ्यात थोडी थोडी टिपली आणि ती मिनिटभरात पळवून दाखवली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा, हे त्याच्या थोडं आधीचं. फाळके फोटोग्राफी शिकलेले, छपाईत मुरलेले आणि जादूचे प्रयोगही करायचे. स्टेजवरचं नाव प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा.

स्टूल गायब करायची गोष्ट

मामाच्या स्टुडिओत लग्नाच्या अल्बमला "मिक्सिंग" लागायचं. नवरी कमळात, नवरा चंद्रात, मधे आई-वडील आशीर्वाद देताहेत. हे सगळं लाल दिव्याच्या डार्करूममध्ये, एनलार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली. एका निगेटिव्हचा प्रकाश ब्रोमाइड पेपरवर पाडताना बाकीचा भाग पुठ्ठ्यानं झाकायचा, मग दुसरी निगेटिव्ह लावून आधीचा भाग झाकायचा. कडेची रेघ उमटू नये म्हणून पुठ्ठा सतत किंचित हलवत राहायचा. एखादाच भाग उजळ ठेवायचा असेल तर तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती मधे धरायची. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं, त्यातलं डॉज टूलचं, म्हणजे उजळ करायच्या अवजाराचं, चित्र बघा: काडीला लावलेली चकती. गडद करायच्या बर्न टूलचं चित्र म्हणजे प्रकाश वाटेत अडवणारी हाताची ओंजळ. मामानं ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाला, "आयला, माझी तार यांना कुणी दिली?"

त्याच्याही कितीतरी आधी, १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर यानं तीसहून जास्त निगेटिव्ह अशा जोडून एक भलंमोठं चित्र केलं होतं. दीड महिना लागला. राणी व्हिक्टोरियानं त्याची एक प्रत विकत घेतली.

आता कॉम्प्युटर. तिथला कारकून अजून मठ्ठ. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे, लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी एकेक, शून्यापासून २५५ पर्यंत. शून्य म्हणजे काळोख, २५५ म्हणजे भरलेलं. साडी कुठली, आभाळ कुठलं, आजी कुठली, फोटोच्या फाईलमध्ये यातलं काही लिहिलेलं नसतं. असतात ते आकडे.

लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले फोटो. मास्क म्हणजे वरच्या फोटोला लावलेला छाप, आपण ट्रकवर नंबर रंगवायला पत्रा कापतो तसा. मास्कवर पांढरं असेल तिथं वरचा फोटो दिसतो, काळं असेल तिथं तो झाकला जाऊन खालचा दिसतो, करडं असेल तिथं दोन्ही अर्धे अर्धे. पत्र्याच्या छापापेक्षा हा बरा, कारण चुकून जास्त कापलं तर पांढऱ्या ब्रशनं परत भरता येतं. इरेझर वापरू नका असं मी घसा कोरडा करून सांगतो. इरेझरनं पुसलेलं गेलं, मास्कनं झाकलेलं खाली जिवंत असतं.

वर्गातली मुख्य ट्रिक म्हणजे हवेत तरंगणारी मुलगी. शाळेच्या व्हरांड्यात मोबाईल स्टँडवर लावायचा. स्क्रीनवर बोट दाबून धरायचं म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. हे विसरलात तर दोन फोटोंतल्या भिंतीचा रंग वेगळा येतो आणि पुढची सगळी मेहनत त्या भिंतीपायी. पहिला फोटो रिकाम्या व्हरांड्याचा. दुसऱ्यात स्टूल, स्टुलावर पोटावर आडवी झालेली मुलगी. कॉम्प्युटरवर रिकामा खाली, मुलगी वर, मास्क लावायचा आणि स्टुलावरून काळा ब्रश फिरवायचा. स्टुलाचे पाय टप्प्याटप्प्यानं गायब होतात. पहिल्यांदा बघणाऱ्या पोरांचा आवाज त्या वेळी हमखास निघतो.

मग मी विचारतो, खरं वाटतं का? कुणीतरी म्हणतंच, "नाही सर, काहीतरी गंडलंय." आणि खरी शिकवणी तिथून सुरू होते. एकदा असाच फोटो आम्ही भिंतीवर मोठा करून बघत बसलो. स्टूल गेलं होतं, पण मुलीचं पोट मधे चपटं होतं, अदृश्य फळीवर दाबल्यासारखं. ओढणी खाली लोंबायच्या ऐवजी कमरेपाशी आडवी दुमडून बसली होती, कारण खाली स्टूल होतं तेव्हा ती त्यावर टेकली होती. आणि फरशीवर मुलीच्या सावलीबरोबर स्टुलाच्या चार पायांची सावली तशीच. डोळ्याला हे एकेक करून कळत नाही, एकदम "गंडलंय" एवढंच कळतं. दुसऱ्या दिवशी आम्ही मोठं स्टूल टाकून लहान, गोल बैठकीचं घेतलं, कमरेखाली बरोबर मावेल असं. एका मुलीला ओढणीचं टोक हवेत उडवायचं काम दिलं आणि दहा-बारा फोटो काढले. ज्यात ओढणी नीट लोंबत होती तो फोटो घेतला. स्टुलाच्या सावलीवर मास्क फिरवला, मुलीची सावली ठेवली.

सावलीचा अजून एक जाच म्हणजे ती थांबत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. तीन मीटर लांब सावलीचं टोक तेवढ्यात पाचेक सेंटीमीटर हललेलं असतं. दोन फोटोंच्या मधे पोरं वडापाव खायला गेली की संपलं. साताऱ्यात पावसाळ्याच्या तोंडाशी ढगही असे पळतात की दोन क्लिकमध्ये ऊन-सावली बदलते, म्हणून आम्ही हे काम व्हरांड्यातच करतो.

दोन फोटो मिसळायच्या तऱ्हांना ब्लेंड मोड म्हणतात. यादी लांबलचक असते, पोरं एकेक दाबून बघत बसतात. मला त्यातले दोनच महत्त्वाचे वाटतात, आणि दोन्ही डार्करूममधून आलेत. मल्टिप्लाय म्हणजे दोन पारदर्शक स्लाइड एकावर एक ठेवून उजेडाकडं धरणं: दोन्हींतून गाळून जो प्रकाश उरेल तो. आकड्यांत, दोन्हींचा गुणाकार भागिले २५५. १२८ आणि १२८ चे होतात ६४, म्हणजे चित्र गडद होतं आणि पांढरं नाहीसं होतं. स्क्रीन त्याच्या उलट: दोन प्रोजेक्टर एकाच पडद्यावर. १२८ आणि १२८ चे होतात १९२. त्यात काळ्याचा काही परिणाम नाही, शून्य मिसळलं तरी दुसरा फोटो जसाच्या तसा राहतो. म्हणजे काळ्या पडद्यापुढं काढलेला धूर, उधळलेलं पाणी, उदबत्तीची रेषा स्क्रीन मोडमध्ये कुठल्याही फोटोवर कापाकापी न करता बसते. काळं म्हणजे रिकामी खुर्ची, हे मामाचंच.

ॲपचं म्हणाल तर शाळेच्या लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर गिम्प चालतं आणि फुकट आहे. फोटोपी ब्राउझरमध्येच उघडतं. मोबाईलवर स्नॅपसीडमध्ये डबल एक्स्पोजर, म्हणजे एका फोटोवर दुसरा मिसळायची सोय, आहे. काम चालू असताना जेपेगमध्ये सेव्ह करत राहू नका, प्रत्येक वेळी थोडं बारीक तपशील झडतं. मूळ फाईल वेगळी ठेवा. एआयला एक ओळ लिहून चित्र मागता येतं हे मलाही ठाऊक आहे, पोरं दाखवतात. हरकत नाही. पण त्यात ओढणी का दुमडली हा प्रश्न कधी कुणी मला विचारलेला नाही.

बिबट्या

एक भानगड सांगतो, त्यात चूक माझी. वर्गातल्या एका पोरानं शाळेच्या कंपाउंडवर बसलेला बिबट्या जोडला. मास्क सफाईदार, कडा मऊ, रंग जुळलेले. मी शाबासकी दिली आणि विसरलो. संध्याकाळी तो फोटो त्याच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आपल्याकडं उसाच्या फडात बिबट्या दिसणं नवं नाही, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला कारण नव्हतं. रात्री बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन माणसं शाळेपाशी जमली, रानातलं पाणी धरायला कुणी जाईना. सकाळी मी जाऊन हात जोडले.

तिथं एका आजीनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "ह्यो बिबट्या न्हाई. म्हसरू हाय."

बरोबर होतं. भिंत विटांची, विटेचा एक थर सिमेंटसकट साधारण दहा सेंटीमीटर. बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची ६०-७० सेंटीमीटर, म्हणजे उभा राहिला तरी सहा-सात थर. आमचा बसलेला बिबट्या बारा थरांचा होता. शिवाय भिंतीवर ऊन उजवीकडून आणि बिबट्यावर डावीकडून. मी पाहिल्या होत्या फक्त कडा. आजीनं आयुष्यभर जनावरं पाहिली होती.

त्या दिवसापासून वर्गात दोन नियम आहेत. फोटोच्या आतच, कापून टाकता येणार नाही अशा जागी "ट्रिक" लिहायचं. आणि दुसऱ्याचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय कुठंही लावायचा नाही, गमतीतसुद्धा. पहिला नियम मोडला तर मी रागावतो, दुसरा मोडला तर वर्गातून काढतो.

उजेडानं लिहिणं

शेवटच्या दिवशी संध्याकाळी लाइट पेंटिंग. कॅमेरा स्टँडवर, शटर १५ सेकंद, आयएसओ (कॅमेरा प्रकाश किती चटकन टिपतो त्याचं माप) १००, एफ ८. मोबाईल असेल तर पुरता अंधार पडू द्या. बॅटरीवर रंगीत जिलेटीनचा कागद लावायचा, काळे कपडे घालायचे आणि हवेत लिहायचं. बॅटरीची रेघ नोंदली जाते, लिहिणारा सतत हलत असतो म्हणून बेरजेत उतरत नाही. १९४९ मध्ये पिकासोनं असंच अंधारात दिव्यानं बैल काढला होता आणि जॉन मिली या फोटोग्राफरनं तो टिपला. स्टील वूल (लोखंडी तंतूंचा बोळा) पेटवून ठिणग्या उडवायचे व्हिडिओ पोरं दाखवतात, त्याला मी सपशेल नाही म्हणतो. आपले डोंगर उन्हाळ्यात वाळलेल्या गवताचे असतात, वणवा लागायला एक ठिणगी बास.

हवेत लिहिताना देवनागरी फार सोयीची पडते. इंग्रजी सुटी अक्षरं लिहिणाऱ्याला प्रत्येक अक्षरानंतर बॅटरी बंद करावी लागते, नाहीतर मधे नको ती रेघ येते. आपल्याला शिरोरेषा आहे. स संपला की दांड्यावरूनच परत वर यायचं, शिरोरेषेवरून पुढं सरकायचं, तिथून काना, मग त. बॅटरी चालूच. जास्तीची रेघ शिरोरेषेत जिरून जाते.

एका मुलीनं पहिल्याच प्रयत्नात "सातारा" लिहिलं, मागं काळ्या आकाशात गडाची कड आणि वर टॉवर. अर्थात कॅमेऱ्याच्या बाजूनं ते उलटं आलं, ती कॅमेऱ्याकडं तोंड करून लिहीत होती ना. तिनं लगेच मोबाईलमध्ये फोटो आडवा पलटवला आणि अक्षरं सरळ झाली. खूश होऊन सगळ्यांना दाखवत ती गेटपाशी चहाच्या गाड्यावर गेली. चहावाल्यानं गाळणी बाजूला ठेवली, हात पुसले, फोटो बघितला.

"अक्षरं झ्याक आलीत," तो म्हणाला. "पर गड उलटा का केलाय?"

टॉवर भलत्याच बाजूला गेला होता. तिच्या पाठीमागं उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या शर्टाचा खिसाही उजवीकडं आणि घड्याळ उजव्या हातात. आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग नव्हता, तरी ती आली. व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूनं उलटं "सातारा" लिहायचा सराव करत होती. र काही केल्या जमत नव्हता. मी विचारलं, तर मान न वळवता म्हणाली, "सर, शिरोरेषा तेवढी दोन्हीकडून सारखीच आहे."